मी दिलेलं एक टिंब

आजच्या या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या स्नेहवर्धिनी मंडळाचा आधार असलेल्या आदरणीय प्रमोदिनीताई, प्रमुख पाहुणे निवृत्त प्राचार्य बाबाराव सर, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत ते सत्कारमूर्ती श्री. नीलकंठ पागे, म्हणजे आपले नाना, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या चित्राकाकू, मंडळाचे सर्व पदाधिकारी, आणि समता कॉलोनीतल्या या सभागृहात उकाडा सोसत बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

मागे आवाज पोचतोय ना?

बघा, शेवटच्या रांगेतून तीन-चार जण एकदम म्हणाले, "हव!" उत्तम. हा शब्द तेवढा जपून ठेवा. माझं आजचं सगळं बोलणं याच एका शब्दापाशी येऊन अडणार आहे.

सूत्रसंचालन करणाऱ्या क्षमाताईंनी माझी ओळख "नानांचा उजवा हात" अशी करून दिली. तेव्हा मी मान खाली घातली. तुमच्यापैकी काहींना तो विनय वाटला असेल. विनय वगैरे काही नव्हता हो. त्या उजव्या हाताने काय लिहून ठेवलंय ते मला माहीत आहे, म्हणून मान खाली गेली. ताईंनी "पाच मिनिटं" अशी चिठ्ठीही दिली आहे. ती मी खिशात घातली. आज एवढा उद्धटपणा चालवून घ्या.

मी शिशिर आवटी, मूळचा मिरजेचा. तीन वर्षांपूर्वी वीज वितरणाच्या नोकरीत रायपूरला आलो आणि नानांच्या हाताखाली लागलो. आमच्याकडे काम होतं ते शहरात इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंग स्टेशनसाठी जागा शोधण्याचं. नानांची तोवर पस्तीस वर्षं खांब, तारा आणि ट्रान्सफॉर्मर यांत गेली होती. पागे घराणं भोसल्यांच्या काळापासूनचं इथलं. या गावातली कुठली गल्ली कुठे वळते हे नानांना नकाशा न बघता माहीत असायचं, आणि मला मात्र नकाशा बघूनही कळायचं नाही.

नानांची काम करायची एक पद्धत होती. ती मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. जागेवर चुन्याची खूण करण्याआधी नाना तिथे एक अख्खा दिवस बसायचे. जीपमध्ये एक हिरवं प्लास्टिकचं स्टूल कायम असायचं. सकाळी सातला ते स्टूल जागेवर ठेवायचं आणि दिवे लागेपर्यंत बसायचं. कोण येतं, कोण जातं, सावली कुठून कुठे सरकते, पाणी कुठे तुंबतं, कुणाचं दुकान कुठवर पसरतं, हे बघायचं. मी पहिल्यांदा विचारलं, "नाना, हे सगळं फॉर्ममध्ये कुठे भरायचं?" तर म्हणाले, "भरायचं नाही रे पोट्ट्या, पाह्यचं. आपण खांब गाडून चाललो जातो. राहतात ते इथले लोक."

मला हे सगळं अति वाटायचं. नाना, आज तुमच्यासमोर सांगतो, तुमच्या स्टुलाची मी ऑफिसात नक्कलसुद्धा करून दाखवली आहे. लोक पोट धरून हसले होते.

कारण माझ्याकडे जग होतं ना! म्हणजे माझ्या लॅपटॉपवर होतं. नवा रायपुरात वरिष्ठांसमोर जे सादरीकरण व्हायचं ते मी बनवायचो. नॉर्वेत दहा नव्या गाड्या विकल्या तर त्यांतल्या नऊ इलेक्ट्रिक. चीनमध्ये जगातली सर्वांत जास्त चार्जिंग स्टेशनं. आपल्या शेजारच्या नेपाळात नव्या येणाऱ्या मोटारींमध्ये बहुसंख्य विजेवरच्या, आणि वीज त्यांच्याच नद्यांची. एकेक चित्र असं सरकवायचो की बघणाऱ्याला वाटावं, रायपूर आता परवाच ऑस्लो होणार.

नाना ते सगळं शांतपणे बघायचे आणि भलताच प्रश्न विचारायचे. "नॉर्वेवाले गाडी रात्री कुठं उभी करतात?"

मी म्हटलं, "बहुतेक जण घरी. तिथेच चार्ज करतात."

"अन आपल्या ब्राह्मणपाऱ्यात घरी गाडी कुठं उभी राहते ते सांग बरं. तिथं माणूस आडवा झाला का गल्ली भरते."

फिनलंडचं मी सांगितलं, की तिकडच्या कडाक्याच्या थंडीत इंजिन गरम ठेवायला गाडीतळांवर विजेचे प्लग आधीपासून होते. नाना खूश झाले. म्हणाले, "हे पाय, हे मले आवडलं. म्हंजे त्याईनं पहिले पाह्यलं, माणूस कुठं थांबते, कायले थांबते. मग तार टाकली." मी मनात म्हटलं, म्हाताऱ्याला कुठूनही आपलं स्टूलच दिसतं.

पण मला सगळ्यात भुरळ घातली होती ती नेदरलँड्सने. तिथे घरापाशी स्वतःची जागा नसलेला माणूस नगरपालिकेकडे अर्ज करतो आणि मग त्याच्या घराजवळच्या रस्त्यावर चार्जिंगचा खांब येतो. म्हणजे आधी मागणी, मग खांब. केवढी सुंदर कल्पना! मी ती वरिष्ठांपुढे मांडली आणि त्यांना ती फारच पसंत पडली. तेव्हा ठरलं की जुन्या शहरातलं पहिलं स्टेशन स्थानिकांच्या मागणीवरून बसवायचं, आणि मागणी गोळा करायची शिशिर आवटीने. मुदत दहा दिवसांची.

त्याच दहा दिवसांत चित्राकाकूंचं ऑपरेशन निघालं आणि नाना रजेवर गेले. जाताना मला जीपची किल्ली देऊन म्हणाले, "स्टूल मागं आहे."

मी स्टूल काढलं नाही. आता पुढचं जरा नीट ऐका.

जुन्या शहरातल्या त्याच ब्राह्मणपाऱ्यात मंदिराच्या कोपऱ्यावर एक कडुनिंब आहे. होता म्हणायला हवं, आता त्याचा बुंधा आणि दोन फांद्या आहेत. त्याच्या सावलीत कांताबाई नावाच्या एक बाई हार, दूर्वा आणि बेल घेऊन बसायच्या. सव्वीस वर्षं एकाच जागी. नकाशावर मला तो कोपरा आवडला होता, कारण ट्रान्सफॉर्मर जवळ आणि मोटार वळेल एवढी रुंदी तेवढीच. मी सकाळपासून अकरा जणांना विचारलं होतं. कुणालाच चार्जिंग स्टेशन नको होतं. कुणी म्हणालं, "भैया, यहाँ गाड़ी किसके पास है?" कुणी दारच उघडलं नाही. मला एक तरी मागणी हवी होती. एक!

कांताबाईंना मी हिंदीत नमस्कार केला, तर त्या म्हणाल्या, "साहेब, मराठी दिसता." काय सांगू तुम्हाला! मला रायपुरात येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. राहायला नवा रायपुरातल्या रिकाम्या इमारतीत, ऑफिसात दिवसभर हिंदी. आपलं माणूस भेटलं म्हणून मी विरघळलोच. मिरजेच्या मराठीत मी त्यांना सगळं समजावलं. प्रदूषण सांगितलं, नॉर्वे सांगितला. हार ओवणाऱ्या बाईला मी भर उन्हात नॉर्वे सांगितला, विचार करा. आणि शेवटी फॉर्मवरचा छापील प्रश्न विचारला, "इथे चार्जिंग स्टेशन बसलं, तर तुम्हाला काही अडचण होईल का?"

त्यांच्या दोन्ही हातांत शेवंतीचा हार होता आणि दोऱ्याचं टोक दातांत धरलेलं होतं. त्यामुळे त्या एवढंच म्हणाल्या, "हव."

तुम्ही रायपूरकर आत्ताच समजलात. समोर बघा, चित्राकाकूंनी कपाळाला हात लावला. तुमच्या घरात आजीपासून नातवापर्यंत सगळे "हव" म्हणतात. हव म्हणजे हो. अडचण होईल का? हव. होईल.

मिरजेच्या कानाला ते ऐकू आलं "हवं". मला हवं. मला पाहिजे.

माझी मान वहीत होती. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलंच नाही. मी वहीत लिहिलं "हवं आहे", आणि "व"च्या डोक्यावर चांगला ठसठशीत अनुस्वार दिला. मग तेच हिंदी फॉर्मवर उतरवलं, "स्थानीय महिला विक्रेता की स्वयं माँग है." त्यातलं "स्वयं" माझ्या पदरचं. मी म्हटलं, "छान! इथे सही करा." त्यांनी ओले हात पदराला पुसले आणि कागदावर हळूहळू आपलं पूर्ण नाव लिहिलं. शाई जराशी पसरली. दहा मिनिटांत माझं काम आटोपलं होतं.

तो फॉर्म पडद्यावर मोठा करून दाखवला गेला. वरिष्ठ म्हणाले, "देखिए, यह है असली भागीदारी!" टाळ्या पडल्या. तीन आठवड्यांत कोपऱ्याला पत्रे लागले, चौथऱ्यासाठी खड्डा खणला, वरचं छत बसायला निंबाच्या फांद्या छाटल्या. कांताबाई सकाळी टोपली घेऊन आल्या तेव्हा त्यांच्या जागेवर सिमेंटचं पोतं होतं. त्यांनी विचारलं, तर ठेकेदाराच्या माणसाने त्यांना त्यांचीच सही दाखवली. "अम्मा, आपने ही तो माँगा है."

त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या भांडल्या नाहीत. टोपली उचलून कोपऱ्यामागे नालीच्या कडेला जाऊन बसल्या.

नाना रजेवरून परतले ते थेट उद्घाटनाच्या तयारीतच. स्टेशन उभं होतं, फक्त चालू करण्याच्या दाखल्यावर त्यांची सही व्हायची होती. नानांनी फाईल वाचली, बंद केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला हिरवं स्टूल घेऊन नालीच्या कडेला जाऊन बसले. सगळं झाल्यावर बसले, आयुष्यात पहिल्यांदा. संध्याकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. ते शब्द मला अजून पाठ आहेत.

"शिशिर, तू तिले काय विचारलं होतं?"

"अडचण होईल का, असं. फॉर्मवर तसंच आहे, नाना."

"अन ती काय म्हणाली?"

"हवं म्हणाली."

नाना ओरडले नाहीत. मला वाटतं, ओरडले असते तर मला आज इथे इतकं बोलावं लागलं नसतं. ते म्हणाले, "अरे, ती 'हो' म्हणाली रे. हो म्हणाली ती. तू काहून टिंब देल्लं त्याच्यावर?"

मग त्यांनी मला कांताबाईंचं बोलणं सांगितलं, आणि ते मला आज तुम्हाला सांगायलाच हवं. बाईंना पहिल्यापासून वाटत होतं की चूक त्यांचीच झाली. त्या नानांना म्हणाल्या होत्या, "मीनं सही केली ना जी. मले वाटलं, चला, या साहेबानं माही अडचण लिहून घेतली. आजवर कोनी लिहून नाही घेतली. म्हून पुरं नाव लिहिलं."

प्रमोदिनीताई, पाण्याचा पेला द्याल का जरा? आभारी आहे.

नानांनी त्या दाखल्यावर सही केली नाही. वरून फोन आले, तोंडी समज आली, लेखी समज आली. नानांचं एकच म्हणणं, जागा बदला, चौथरा तोडा, बाईला तिची सावली द्या. चौकशी लागली. सर्वेक्षण कुणी केलं, असा प्रश्न आला. मी तेव्हा प्रोबेशनवर होतो. खोटी मागणी लिहिली असं सिद्ध झालं असतं तर माझं घरी जाणं नक्की होतं. चौकशीच्या आदल्या दिवशी नानांनी मला जीपपाशी गाठलं. म्हणाले, "तू चूप बस. तू नवा आहे, तुह्या कागदावर डाग नको. मी तं चाललोच आहे दोन-अडीच वर्षांत." आणि त्यांनी लिहून दिलं की सर्वेक्षणातली चूक माझी, म्हणजे नीलकंठ पागे यांची आहे.

आणि मी चूप बसलो.

मंडळी, मघाशी आदरणीय बाबाराव सर फार प्रेमाने बोलले. ते म्हणाले, "शेवटी शेवटी नानांच्या हातून एका सर्वेक्षणात गफलत झाली, पण पस्तीस-अडतीस वर्षांच्या सेवेपुढे एक गफलत ती काय!" तुम्ही टाळ्या वाजवल्यात. सर, तुमचा काही दोष नाही. तुम्हाला जे माहीत होतं ते तुम्ही मोठ्या मनाने माफ केलंत. पण त्या टाळ्यांमध्ये मीही टाळी वाजवली. हे हात तेव्हा कसे हलले, ते मला खरंच सांगता येणार नाही. त्या टाळीनंतर मात्र मला माझं लिहून आणलेलं भाषण वाचता येणार नव्हतं. ते आहे इथे खिशात, पाच मिनिटांच्या चिठ्ठीसोबत. त्यात नानांना "प्रकाशयात्री" म्हटलेलं आहे.

नाना मला खाली बस म्हणून खूण करून राहिले. बघा, मीही आता "करून राहिले" म्हणायला लागलो. नाना, तीन वर्षं मी तुमचं ऐकून चूप बसलो. आज नाही ऐकणार.

तर पुढे काय झालं? नानांना शहरातल्या कामावरून काढून नवा रायपुरात जुन्या फायलींच्या खोलीत बसवलं. तो एवढाला रुंद रस्ता आणि त्यावर तासातासाने येणारी बस. अडीच वर्षं नाना ती बस धरून गेले. त्यांच्या नावावर शेरा राहिला, आणि त्यामुळेच आमच्या कार्यालयाने त्यांना रीतसर निरोपही दिला नाही. तो तुम्ही, मंडळाने, देताय. चित्राकाकूंना भाजीबाजारात बायका विचारायच्या, "नाना एका फुलवालीसाठी प्रगतीच्या आड आले म्हणे?" काकू, तुम्ही कुणालाच खरं सांगितलं नाहीत. माझ्या घरी मात्र दर दिवाळीला अनारसे पाठवलेत.

आणि चालू करण्याचा तो दाखला? तो नानांच्या टेबलावरून उठला आणि माझ्या टेबलावर आला. दुसरं कुणी नव्हतं. मी सही केली. पहिली चूक कानाची होती, हे मी मोठ्या तोंडाने म्हणू शकतो. दुसरी कानाची नव्हती. ती डोळे उघडे ठेवून केलेली आहे.

गैरसमज नको. इलेक्ट्रिक गाड्यांवर माझा राग नाही, नानांचाही नाही. मी आज इथे विजेच्याच स्कूटरवर आलो. धूर कमी व्हायलाच हवा. कोरब्याचा कोळसा जाळून वीज करतो आणि गाडीला स्वच्छ म्हणतो, त्याचाही हिशेब कधीतरी करायला हवा, पण तो वेगळा विषय आहे. मला झोपू देत नाही ती गोष्ट साधी आहे. मी दुसऱ्या देशातून खांब आणला आणि विचारायची रीत तिकडेच ठेवून आलो. तिकडे मागणी माणूस करतो. इथे ती मी केली, आणि सही बाईची घेतली.

परवा, म्हणजे गुरुवारी, मी कार्यालयात लेखी निवेदन दिलं आहे. सर्वेक्षण माझं, "हवं" हे माझं, "स्वयं" हेही माझं, नानांचा त्यात काडीचा संबंध नाही, आणि स्टेशन तिथून हलवावं. त्याची पोच माझ्याकडे आहे. साहेबांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "अब क्यों? रिटायर तो हो गए वो." माझं पुढे काय होईल मला माहीत नाही. नोकरीचं काय व्हायचं ते होवो. पण चौथरा हलेल का, हेही मला माहीत नाही, आणि तेच जास्त लागतं. आमच्याकडे बसवायला तीन आठवडे लागतात. काढायला किती लागतात हे कुणी अजून करूनच पाहिलेलं नाही.

निवेदन देऊन मी नानांकडे गेलो आणि हिरवं स्टूल मागितलं. कशाला, हे त्यांनी विचारलं नाही. काल सकाळी सातला मी ते नालीच्या कडेला, कांताबाईंशेजारी ठेवलं. त्या म्हणाल्या, "बसा. वास येईन, पण बसा."

मी दिवे लागेपर्यंत बसलो. दर्शनाला येणारी माणसं पुढच्या बाजूने येतात आणि पुढच्याच बाजूने जातात, त्यांना कोपऱ्यामागची टोपली दिसतच नाही. दहा वाजता ऊन थेट फुलांवर येतं. कांताबाई दर थोड्या वेळाने फुलांवर पाणी शिंपडतात, तरी दुपारपर्यंत शेवंती मान टाकते. दिवसभरात चार्जिंगला एक मोटार आली. मालक काचा लावून आत बसून होता. बिचाऱ्याचा काय दोष! आणि पाच ई-रिक्षावाले येऊन विचारून गेले, "भैया, इसमें अपना लगेगा क्या?" नाही लागत हो. ते स्टेशन मोटारींचं आहे, त्यांच्या रिक्षांना तो प्लग बसतच नाही. ज्या गल्ल्यांमध्ये फक्त रिक्षाच शिरू शकते, तिथे आम्ही रिक्षाला न चालणारं यंत्र उभं केलं. एक दिवस, फक्त एक दिवस आधी बसलो असतो, तर हे सगळं मला फुकटात दिसलं असतं. नाना, तुमच्या स्टुलाची नक्कल मी फार छान करायचो. बसलो मात्र कालच.

संध्याकाळी मी त्यांना सगळं सांगितलं. टिंबाचं, सहीचं, नानांचं, दाखल्याचं. "चूक तुमची नव्हती, माझी होती," असं दोनदा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि हार ओवत राहिल्या. मी त्यांना आजच्या समारंभाचं आमंत्रणही दिलं. त्या म्हणाल्या, "आरतीच्या वक्ताले मी कशी येऊ जी? नानासाठी हार घेऊन जा." नाना, तुमच्या गळ्यात आत्ता जो शेवंतीचा हार आहे, तो मंडळाने आणलेला नाही. तो नालीच्या कडेवरून आलेला आहे. काल संध्याकाळपासून चित्राकाकूंनी तो ओल्या फडक्यात जपला.

आता आवरतो. कार्यालयाने न केलेलं काम मंडळाने केलं, त्याबद्दल प्रमोदिनीताई आणि सर्व पदाधिकाऱ्यांचे आभार. बाबाराव सरांचे आभार, त्यांच्या त्या एका वाक्याने मला बोलतं केलं. क्षमाताई, पाच मिनिटांचं काय केलं ते तुम्ही पाहिलंच. नाना, काकू, तुमचे आभार मानायला मला तोंड नाही, म्हणून नुसता वाकून नमस्कार करतो.

आणि रीत अशी आहे, की बोलणाऱ्याने शेवटी आपल्या उण्या-अधिक शब्दांची माफी मागावी. माझ्या बोलण्यात काही वेडंवाकडं गेलं असेल, कुणाचा मान राहिला नसेल, तर त्याची माफी मी तुम्हा सगळ्यांकडे मागतो, आणि तुम्ही ती द्याल याची खात्री आहे. पण त्या टिंबाची माफी तुमच्याकडे मागत नाही. ती तुमच्या हातात नाही. ती मी काल जिथे मागायची तिथे मागून आलो.

निघताना स्टूल उचललं आणि विचारलं, "कांताबाई, अजून राग आहे का माझ्यावर?" त्यांच्या हातांत तुमचाच हार होता, नाना, आणि दोऱ्याचं टोक दातांत होतं. या वेळी मी वहीत बघत नव्हतो. त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

त्या म्हणाल्या, "हव."

मी ते टिंब न देता लिहून घेतलं आहे. नमस्कार.